भुईकोटचे एकोणीस मालक

आमच्या भुईकोटला उडता येत नसे. बाकीचे महाबली आभाळातून जात, हा एसटीने जायचा. संकट आलं की त्याचं अंग नगरच्या किल्ल्यासारखं दगडी व्हायचं, आणि दगडाला उडता येत नाही हे मला मराठीचा शिक्षक असूनही ठाऊक होतं. त्याचं वजन बघून कंडक्टर लगेजचं वेगळं तिकीट फाडायचा. एरवी तो पाटबंधारे खात्यात कारकून. दगडाचा पुन्हा माणूस व्हायला त्याला पाऊण तास लागे, आणि तेवढ्यात साहेब त्याची अर्धी रजा मांडून मोकळे होत. भुईकोट हा आमच्या चित्रकथेचा नायक, आणि ही सगळी कल्पना माझी. साल सत्त्याऐंशी, माझं वय अठ्ठावीस, शाळेत नुकताच कायम झालो होतो. माणूस नोकरीत कायम झाला की त्याला जगाचं भलं करावंसं वाटतं, आणि बायको त्या वेळी माहेरी असेल तर त्याला अडवणारंही कोणी नसतं.

चित्रं अलीमची. अलीम तांबोळी माझा शाळेपासूनचा दोस्त, धंद्याने पेंटर. त्या काळी नगरमधल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘अलीम’ लिहिलेलं असे. आम्ही सायकलवरून निघालो की तो मान वळवून वळवून आपली नावं बघत यायचा, आणि दोनदा तर त्यापायी आम्ही टांग्याला धडकलो. पुढे फ्लेक्सचं मशीन आलं. एकेक पाटी उतरली, भंगारात गेली. आज माळीवाड्यापासून सावेडीपर्यंत त्याच्या हातची एक पाटी शिल्लक नाही. त्याच्या हातचं म्हणून जगात काही उरलं असेल तर ते बत्तीस पानांचं ‘भुईकोट’, आणि त्यात त्याचं नाव नाही.

हे गेल्या वर्षी त्याच्या नातीने दाखवून दिलं. फलक पुण्यात चित्रकला शिकते, मला आजोबा म्हणते आणि अलीमला दादा. आमच्या माळ्यावरचा एकुलता एक अंक तिने मागून नेला, चार दिवसांनी परत आणला आणि सरळ विचारलं, “आजोबा, यात सगळ्या गावाची नावं आहेत. दादांचं कुठंय?”

मी म्हणालो, चहा घेतेस ना. माझी बायको हन्ना मला चाळीस वर्षं ओळखते. तिने माझ्याकडे बघितलं आणि चहाला न जाता तिथेच बसून राहिली.

नाव का नाही ते मला पक्कं माहीत होतं. कारण ते मीच काढलं होतं.

अंक छापला माझ्या मामाने. कृपादान मामाचा छापखाना लहान, पायाने चालवायचं यंत्र, आणि छापायचं काय तर लग्नपत्रिका. त्याच्या आयुष्यात त्याने लग्नपत्रिकेखेरीज काही छापलं असेल तर दहाव्याची कार्डं आणि एकदा उपासनेचं पत्रक. त्यामुळे छापील कागद म्हटला की त्यावर घरच्यांची, पाहुण्यांची आणि गावातल्या मानकऱ्यांची नावं हवीत, नाहीतर रुसवेफुगवे होतात, एवढं एकच छपाईशास्त्र त्याला येत होतं. मी पहिल्या पानावर ‘लेखक’ आणि ‘चित्रकार’ अशी दोन नावं लिहून दिली होती. मामाने ती बघितली आणि दोनच नावांचा कागद छापखान्याबाहेर गेला तर लोक आम्हाला वाळीत टाकतील असं सांगितलं. मग त्याने सगळ्यांत वर आपलं नाव घातलं, खाली आपल्या बहिणीचं, म्हणजे विजयमाला मावशीचं, मग चर्चचे पाळकसाहेब, मग सोनईचे सरपंच, मग कागद आणून देणारा, मग त्याचे साडू. शेवटी ‘किलबिल’ म्हणून तीन पोरं, त्यांतलं एक पाळण्यात होतं. ‘सर्व हक्क राखीव’ हे शब्द त्याला उर्मट वाटले. आपण कोणाला काही नाकारतोय असं दिसायला नको, म्हणून त्याने ते बदलून ‘सर्व हक्क खालील सर्वांचे’ असं प्रेमाने जुळवलं.

वीस नावं झाली आणि चौकटीत मावली एकोणीस. मामा अक्षरांचे खिळे हातात धरून म्हणाला, एक काढावं लागेल, बोल, कोण रागावणार नाही? मी क्षणभरसुद्धा विचार केला नाही. म्हणालो, अलीमचं काढ, तो घरचाच आहे.

आपल्याकडे पत्रिकेत नाव राहून जातं ते नेहमी घरच्याच माणसाचं. ज्याने मांडव घालायचा, ज्याने पाहुण्यांना स्टँडवरून आणायचं, त्याचं नाव नसतं. ज्याने यायचंसुद्धा नाही त्याचं ठळक असतं. हे मी पुढे अनेक पत्रिकांत पाहिलं आणि स्वतःची समजूत घातली. पण समजूत काही नीट बसली नाही. अलीमने अंक पाहिला, पहिलं पान दोनदा वाचलं आणि छपाई चांगली आली म्हणाला. त्यानंतर आजतागायत तो त्या पानाविषयी बोलला नाही, आणि मीही नाही.

अंकाचं पुढे जे झालं ते एका टँकरमुळे. आमचा खलनायक होता टँकरासुर. दुष्काळात तो गावोगावचं पाणी टँकरमध्ये भरून पळवायचा. अलीमला मनाने काही काढता येत नसे, समोर वस्तू लागायची, म्हणून त्याने स्टँडमागे उभा असलेला एक टँकर बघून बघून काढला. इतका हुबेहूब काढला की नंबरसुद्धा तोच आला. मग टँकरवाल्याच्या मिशाही बघितल्या आणि त्याही तशाच काढल्या. तो टँकर सोनईच्या कारभारी शेठचा. त्यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. वकिलाने पहिलं पान उघडलं आणि एकोणीसच्या एकोणीस मालकांना समन्स काढलं, पाळण्यातल्या पोराच्या नावानेसुद्धा.

चार वर्षं तारखा चालल्या. खोटं कशाला सांगू, ती चार वर्षं मला अजून आठवतात आणि हसू येतं. पाळकसाहेब, सरपंच, मामा, मावशी, सगळे तारखेला जमायचे, झाडाखाली डबे उघडायचे. विरुद्ध पक्षाचे कारभारी शेठ शेजारच्या झाडाखाली एकटेच बसत, म्हणून मावशी त्यांना लोणचं पाठवायची. अलीमला समन्स आलंच नव्हतं. तरी तो प्रत्येक तारखेला ब्रश धुऊन यायचा आणि आमच्या मागे उभा राहायचा. अखेर तडजोड झाली: पुढचा अंक काढायचा नाही, आणि शेठच्या संमतीशिवाय हाही पुन्हा छापायचा नाही. भुईकोट एका अंकात संपला. शाळेतली पोरं कितीतरी दिवस विचारायची, सर, तो दगडाचा परत माणूस झाला का? मी म्हणायचो, पाऊण तास थांबा.

तर फलकने विचारलं, आणि मी ठरवलं की अंक पुन्हा छापायचा आणि अलीमचं नाव घालायचं. तिच्या ओळखीचा पुण्याचा एक प्रकाशक एका पायावर तयार होता. त्याने एवढंच कळवलं, की हक्कांचे कागद स्वच्छ पाठवा.

सावेडीत आमच्या गल्लीत तोंडून एक वाक्य निसटलं की संध्याकाळपर्यंत त्यावर सल्ले येतात. सगळ्यांत आधी आले शेजारचे रोहोकले साहेब. ते भूमी अभिलेखातून निवृत्त झाले, म्हणजे कागदावर झाले. मनाने ते अजून मोजणीवरच आहेत. त्यांनी पहिलं पान भिंगाखाली धरलं आणि हे सामायिक क्षेत्र असल्याचा निकाल दिला. एकोणीस खातेदार. त्यांतले किती मयत? मी बोटं मोजून आठ म्हणालो. मग वारस लावा, ते म्हणाले, आणि स्वतःच वही घेऊन वंशावळ काढायला बसले. पंधरा दिवसांत आठ मयतांचे एकतीस वारस निघाले. त्यांतला एक कॅनडात होता, दोघे एकमेकांशी बोलत नव्हते आणि एकाला वाटत होतं की भुईकोट ही कुठली तरी जमीन आहे आणि रस्ता रुंदीकरणात ती जाणार आहे. त्याने सही दिली नाही, उलट मोबदल्याचं काय झालं ते विचारायला दर आठवड्याला फोन करू लागला. मला अखेर त्याला अंकाची झेरॉक्स पाठवावी लागली. ती बघून त्याने सही दिली, पण माझ्याशी असलेलं नातं आता चुलत नसून लांबचं आहे, असंही सोबत कळवलं.

वकील होत्या ॲडव्होकेट संस्कृती, आमच्या गल्लीतल्याच, वय तिशीच्या आत. त्या माझ्याकडून फी घ्यायला तयार नव्हत्या, कारण मी त्यांच्या वडिलांना शिकवलं होतं. वडील दोनदा नापास झाले होते हे मी काढलं नाही. संस्कृतींनी सगळं वाचून तीन गोष्टी सांगितल्या. एकोणीस जणांची किंवा वारसांची संमती लागेल. कारभारी शेठची लागेल. आणि अलीमचं नाव जुन्या अंकात कुठेच नसल्याने, चित्रं त्याचीच आहेत आणि नाव कसं राहिलं, याचं प्रतिज्ञापत्र मला करावं लागेल. तिसरी गोष्ट ऐकून मी म्हणालो, आधी पहिल्या दोन करू.

कारभारी शेठकडे सोनईला मी रोहोकल्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. सदुसष्टाव्या वर्षी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वादीसमोर जायचं म्हणून मी शर्टाचं वरचं बटणही लावलं. शेठ ओट्यावर बसले होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या पण आकार तोच. मी हात जोडून विषय काढला. ते उठून आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला ‘भुईकोट’चा अंक घेऊन आले. कोर्टात दाखल केलेला, शिक्का मारलेला.

“नातवंडास्नी दावतो म्या,” ते म्हणाले. “लई खूश होत्यात. म्हणत्यात, आबा, तुमी पुस्तकात हाय.”

मग दावा का लावला होता, असं रोहोकल्यांनी विचारलं. हा प्रश्न माझ्या मनात अडतीस वर्षं होता आणि तो त्यांनी फुकटात विचारून टाकला.

“पानी पळवलं म्हनून न्हाई लावला. ते तर म्या पळवतच हुतो.” शेठ शांतपणे बोलत होते. “शेवटाला तो कारकून मला टँकरसकट उचलून फेकतो. कारकून! तेवढं न्हाई सहन झालं.”

सही त्यांनी दिली. अट एकच, मिशा आणि नंबर तसाच राहिला पाहिजे. निघताना त्यांनी विचारलं, ती लोणच्याची बाई हाय का अजून?

होती. विजयमाला मावशी आता भंडारदऱ्याला मुलाकडे राहते. ब्याऐंशी वर्षांची, निवृत्त मुख्याध्यापिका, नजर अशी की धरणाच्या भिंतीनेसुद्धा सरळ उभं राहावं. एसटीने पोचेपर्यंत माझी हाडं भुईकोट झाली होती. तिने आधी जेवू घातलं, मग माझ्या संमतिपत्रातल्या चार चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि सही करण्यापूर्वी विचारलं, माझं नाव कितवं आहे? मी म्हणालो, दुसरं, मामाच्या खाली. तिने समाधानाने सही केली. मी तिला खोटं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ते दुसरंच होतं.

असे चौदा महिने गेले. माझ्या चपला झिजल्या, हन्नाने मला घरात ‘खातेदार’ म्हणायला सुरुवात केली, आणि एका कार्यालयात तर कारकुनाने अंकावरचं ‘अहमदनगर’ आणि अर्जावरचं ‘अहिल्यानगर’ ही दोन्ही गावं एकच असल्याचा पुरावा मागितला. मी म्हणालो, मी दोन्हींत राहतो. तो म्हणाला, रहिवासी दाखला आणा.

शेवटी राहिलं ते प्रतिज्ञापत्र.

संस्कृती संगणकासमोर बसल्या होत्या. सगळा मजकूर झाला आणि त्या थांबल्या. “सर, नाव राहण्याचं कारण काय लिहू? नजरचुकीने असं लिहिते. सगळे तसंच लिहितात.”

किती सोपं होतं. मामा देवाघरी गेलेला, खिळे वितळलेले, त्या दुपारी छापखान्यात आम्ही दोघंच. एक शब्द टाइप झाला असता आणि मी सन्मानाने सुटलो असतो. मी चष्मा काढून पुसला. शाळेत पस्तीस वर्षं मी पोरांना खरं बोला म्हणत आलो, आणि कॉपी करणाऱ्यांना वर्गाबाहेर उभं केलं. मग म्हणालो, नजरचूक नाही, लिहा, की मी सांगितलं म्हणून काढलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. मग म्हणाल्या, खाली अलीमचाचांना ‘वाचून पाहिले’ म्हणून सही करावी लागेल.

म्हणजे त्याला ते वाचायला द्यायचं होतं. मी दोन दिवस कागद खिशात घालून हिंडलो. तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. सुरय्याभाभींनी चहा ठेवला. मी कागद पुढे केला. अलीमने तो हातभर लांब धरून सावकाश वाचला, तिसऱ्या परिच्छेदाशी थांबला आणि परत वाचला. माझा चहा कपातच गार झाला.

“मला वाटायचं, मामा इसरले,” तो म्हणाला. “अडतीस वर्षं मी मामांवर राग धरला, स्टीफन. त्यांच्या मयतीला आलो तर मागंच उभा राहिलो. खांदा दिला न्हाई.”

मी म्हणालो, तू घरचा म्हणून.

“घरचा म्हनलास ते ऐकून बरं वाटलं,” तो म्हणाला. “पण लई वाईट वाटलं हुतं तेव्हा. रात्रंदिवस बसून काढली हुती ती चित्रं.” कागद त्याने घडी करून माझ्या हातात दिला. “सही आत्ता न्हाई. मामांवरचा राग तुझ्यावर आनायचा, तर थोडा येळ लागंल.”

मी घरी आलो. मला रडू आलं, आणि हन्नाने येऊ दिलं. अकरा दिवस त्याचा फोन नाही. आमच्या दोस्तीत एवढा खंड त्याच्या लग्नातसुद्धा पडला नव्हता. रोहोकल्यांनी सल्ला दिला की नोटीस काढून पंधरा दिवसांची मुदत द्या. मी त्यांना प्रथमच माझ्या ओट्यावरून उठवलं. बाराव्या दिवशी अलीम आला, खुर्चीवर बसला, कागद मागितला, आणि सही केली. बोर्डाच्या कोपऱ्यात करायचा तशी. मग म्हणाला, नाव कुठं घालनार? मी म्हणालो, सगळ्यात वर, एकट्याचं. आणि ते एकोणीस? ते शेवटच्या पानावर, बारीक, अकारविल्हे. मानपानाचा प्रश्नच नको. या युक्तीबद्दल मी स्वतःवर खूश होतो.

अंक आला. मुखपृष्ठावर भुईकोट एसटीच्या दारात अडकलेला, आणि वर लाल अक्षरांत: चित्रकार अलीम तांबोळी. खाली, बऱ्याच खाली, मी. अलीमने तो उघडलाच नाही, नुसता हातात धरून अंगठा नावावरून फिरवत राहिला. छपाई चांगली आली, म्हणाला. या वेळी मला त्याच्याकडे बघता आलं.

सोनईला पाच प्रती गेल्या, शेठनी आणखी दहा मागवल्या. भंडारदऱ्याला एक गेली. तिकडून काही कळलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तीन आठवड्यांनी सकाळी सकाळी अलीम दारात. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, बगलेत रजिस्टर एडीचं पाकीट. हन्नाने काय झालं ते विचारण्याआधी पेढा उचलला. मला वाटलं फलकचं लग्न ठरलं. अलीमने पाकिटातून कागद काढून माझ्यापुढे धरला. राजूरच्या वकिलाकडून आलेली कायदेशीर नोटीस होती. आमच्या अशील श्रीमती विजयमाला यांचे नाव मूळ अंकात दुसऱ्या स्थानी असता, अकारविल्हेच्या सबबीखाली ते सतराव्या स्थानी ढकलून आपण त्यांची जागा बळकावली आहे, सबब खुलासा करावा. अकारविल्हेत ‘वि’ शेवटाकडे येतो हे मावशीने आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं, पण स्वतःच्या बाबतीत तिला ते मान्य नव्हतं.

मी चार वेळा वाचली. तिच्यात माझं नाव कुठेच नव्हतं. कथा माझी, युक्ती माझी, मावशी माझी, आणि मला एक साधी नोटीस नाही. मला ते जरा लागलंच.

“वरचं वाच,” अलीम म्हणाला. मग माझ्या हातातून कागद घेऊन त्यानेच वाचलं, बोट ठेवून, एकेक शब्द. “प्रति, श्री. अलीम उस्मान तांबोळी, चित्रकार व प्रथम हक्कदार, भुईकोट.” त्याचे डोळे भरले होते आणि तोंडात पेढा होता. “बापाच्या नावासकट हाय.”

मी घाईघाईने संस्कृतींना फोन लावला. त्या म्हणाल्या, काळजी करू नका, आज नोटीस आणून द्या, लगेच उत्तर पाठवते, तशी मुदत पंधरा दिवसांची आहे. मी अलीमकडे कागदासाठी हात पुढे केला. त्याने नोटीस घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून खिसा दाबला.

“पंधरा दिवस हायेत ना,” तो म्हणाला. “मंग आज न्हाई देत. अजून बाजारात कुनाला दाखवली न्हाई.”